एक फुटाची शांबरी

पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या चित्रपटाच्या फितीवर एका फुटांत सोळा चित्रें बसतात. हा हिशेब वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या प्रश्नाचा विचार या लेखांत करावयाचा आहे तो सारा या एका फुटावर उभा आहे, म्हणून प्रारंभींच तो सांगून ठेवतों. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा १९१३ सालचा चित्रपट सुमारें ३,७०० फूट लांबीचा होता. म्हणजे त्यांत ५९,००० हून अधिक चित्रें होतीं. त्यांपैकीं सुमारें १,४७५ फूट आज शिल्लक आहेत. राहिलेलीं ३५,००० वर चित्रें काळाच्या उदरांत गडप झालीं. जे फूट उरले आहेत तेही १९१३ च्या मूळ चित्रपटाचे, कीं १९१७ सालीं फाळक्यांनीं तोच विषय पुन्हां घेतला त्या आवृत्तीचे, याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. आपल्या चित्रपटाच्या जन्मपत्रिकेचा अर्ध्याहून अधिक कागद असा फाटलेला आहे.

मी वारज्यास राहतों. मुठेच्या कांठचें हें एके काळचें खेडें आतां पुणें शहराच्या पोटांत गेलें आहे, आणि मुंबई-बंगळूर रस्त्याच्या बाह्यवळणावरून रात्रभर धांवणाऱ्या मालमोटारींचा घरघराट हेंच आतां येथील रात्रीचें संगीत होऊन बसलें आहे. आमच्याच इमारतींत वरच्या मजल्यावर अभियांत्रिकीचा अभ्यास करणारा एक तरुण राहतो. गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं तो घाईघाईनें खालीं आला आणि म्हणाला, “काका, जरा वर येतां का? फाळक्यांचें हरवलेलें रीळ दाखवितों.”

इतिहासाच्या शिक्षकास असलें आमंत्रण नाकारतां येत नाहीं. मी वर गेलों. बाहेर पाऊस पडत असूनही त्याची खोली भट्टीसारखी तापली होती, कारण संगणकाचें ग्राफिक्स कार्ड दुपारपासून अखंड चाललें होतें. पडद्यावर राखी रंगाचें एक उपवन उमटलें. त्यांतून राणी तारामती रोहिदासाचा हात धरून तीन पावलें चालली, थबकली आणि मागें वळून पाहूं लागली. जुन्या फितीवर पडतात तसे ओरखडेही त्यावर होते. सारा खेळ सोळा चित्रांचा, दोन सेकंदांचा. मी अभावितपणें विचारलें, “हें कुठें सांपडलें तुला?”

“सांपडलें नाहीं, काका,” तो हंसून म्हणाला, “बनवलंय.”

त्यानें लगेच कागदावर आंकडे मांडले. एका खेपेस सोळा चित्रें, म्हणजे बरोबर एक फूट. हरवलेले फूट २,२२५. दिवसास वीस फूट धरले तर चार महिन्यांच्या आंत ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा. “मग लोकांना अख्खा बघतां येईल,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यांत लबाडीचा लेशही नव्हता, आणि मला मोह झाला नाहीं असें म्हणणें खोटेपणाचें होईल. त्या मोहाचा निकाल लावण्यासाठीं मला जो इतिहास पुन्हां उलगडून पाहावा लागला तो येथें मांडतों.

स्थिर चित्रास गति कशी द्यावी हा प्रश्न महाराष्ट्रांत फाळक्यांच्या आधींच सुटूं लागला होता. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास आपल्या मुलांच्या साहाय्यानें ‘शांबरिक खरोलिका’ नांवाचा खेळ सुरू केला. शंबरासुराची माया ती शांबरी, आणि त्या मायेचा दिवा तो शांबरिक खरोलिका. इंग्रजी शब्दाचें इतकें रसाळ मराठीकरण क्वचितच झालें असेल. दिव्यापुढें रंगविलेली कांचेची पट्टी धरावयाची आणि भिंगांतून तिची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडावयाची, एवढेंच याचें यंत्र. परंतु कांचेवरचें चित्र हलणार कसें? अशा दिव्यांची एक सर्वपरिचित युक्ति होती: एका कांचेवर स्थिर भाग काढावयाचा, दुसऱ्या सरकत्या कांचेवर हलणारा अवयव काढावयाचा, आणि दुसरी कांच पहिलीवरून सरकवावयाची. पटवर्धन मंडळींनीं याच्याही पुढें जाऊन एकाच आकृतीच्या क्रमाक्रमानें बदलत जाणाऱ्या अवस्था निरनिराळ्या कांचांवर रंगविल्या आणि एकाहून अधिक दिव्यांच्या साहाय्यानें त्या भराभर पालटून दाखविल्या. रामायण-महाभारतांतील प्रसंग त्यांनीं अशा रीतीनें हलते केले.

या ठिकाणीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दिवा पूर्वीचाच होता, चित्रकलाही पूर्वीचीच होती. नवें काय तें सरकत्या कांचेंत होतें. गति ही मूळ यंत्राची देणगी नव्हती. ती त्याला मागाहून लावलेली जोड होती.

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॅटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला, आणि शांबरिक खरोलिकेस एक बलाढ्य प्रतिस्पर्धी उत्पन्न झाला. नव्या यंत्रानें दाखविलेली गति कोणी रंगविलेली नव्हती. ती जगांत घडलेली होती. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनीं असा कॅमेरा मागवून १८९९ मध्यें एका कुस्तीचें चित्रण केलें. आणि १९०१ च्या डिसेंबरांत केंब्रिजचा सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचें दृश्य टिपलें. पुढें फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून परांजपे पुणेकरांच्या घरोघरीं परिचित झाले. त्या दिवशीं बोटीवरून एक मनुष्य खरोखर उतरला होता आणि फितीवरील चित्र हें त्याचें पावलापावलाचें प्रमाण होतें.

अशा रीतीनें एकाच दशकांत चलच्चित्राचीं दोन घराणीं आपल्यापुढें उभीं राहिलीं. पटवर्धनांचें घराणें मायेचें, भाटवडेकरांचें साक्षीचें. पहिलें घराणें प्रेक्षकास म्हणे, “मी रंगविलें तें पाहा.” दुसरें म्हणे, “घडलें तें पाहा.” पहिल्यास कोणी खोटें म्हटलें नाहीं, कारण त्यानें खरेपणाचा दावाच केला नव्हता. खरोलिकेंतील राम पाहून हात जोडणाऱ्या कल्याणच्या म्हातारीस तो रंगविलेला आहे हें ठाऊक होतें, आणि म्हणून तिच्या भक्तीस कांहीं उणेपणा येत नव्हता.

दादासाहेब फाळके यांचें मोठेपण हें कीं त्यांनीं या दोन घराण्यांचा विवाह लावला. १९१२ च्या प्रारंभीं ते लंडनला जाऊन आले आणि विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा त्यांनीं मागविला. भांडवल देणारांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं प्रथम जें चित्र तयार केलें त्यांत राजाही नव्हता आणि देवही नव्हता. त्यांत होता कुंडींत पेरलेला एक वाटाणा. तो उगवून त्याचा वेल होईपर्यंत फाळके थोड्याथोड्या अवधीनें एकेक चित्र घेत राहिले, आणि दिवसानुदिवस चाललेली वाढ प्रेक्षकांनीं घटकेच्या आंत पाहिली. वाटाणा खरा होता, त्याचें प्रत्येक चित्र खरें होतें. परंतु पडद्यावरची त्याची गति मात्र फाळक्यांनीं निर्माण केलेली होती. साक्ष आणि माया यांची अशी गांठ त्या कोंवळ्या वेलीनें प्रथम बांधली. पुढें १९१५ मध्यें ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटांत त्यांनीं निर्जीव काड्याही एकेक चित्र घेत नाचविल्या.

योगायोग असा कीं १९१२ सालींच जर्मनींत माक्स व्हर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानें आपला प्रसिद्ध निबंध छापला. दोन स्थिर रेषा एकामागून एक योग्य अंतरानें दाखविल्या तर पाहणारास एकच रेषा सरकल्याचा भास होतो, हें त्यानें प्रयोगानें दाखविलें. म्हणजे गति पहिल्या चित्रांत नसते, दुसऱ्यांतही नसते. ती त्या दोहोंच्या मध्यें, पाहणाराच्या मनांत उत्पन्न होते. फाळक्यांनीं हा निबंध वाचला असण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु काडी किती सरकवावी याचा हिशेब त्यांच्या बोटांना ठाऊक होता. मागील चित्रांत काडी कोठें होती याची स्मृति ठेवूनच पुढील चित्र घ्यावें लागतें. ती स्मृति ढळली कीं काडी नाचत नाहीं, थरथरते.

त्या काळचीं साधनें किती अपुरीं होतीं हें आज सांगूनही पटत नाहीं. कच्ची फीत छिद्रें न पाडलेली येई. घरांत अंधार करून तिला कडेनें छिद्रें पाडण्याचें काम सरस्वतीबाई फाळके यांनीं केलें. कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहतां दामले यांच्या साहाय्यानें १९१८ मध्यें स्वतःच कॅमेरा बनविला, आणि त्यावर घेतलेली ‘सैरंध्री’ १९२० सालीं पुण्याच्या आर्यन सिनेमांत झळकली. तींतील कीचकवध इतका हुबेहूब वठला कीं सरकारनें तो भाग कापावयास लाविला. पुढें १९३३ मध्यें प्रभात कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली, आणि दुसऱ्याच वर्षीं तिनें ‘जंबुकाका’ हें व्यंगचित्रांचें चलच्चित्र काढलें. हीं सारीं माणसें हातांत असलेल्या यंत्रास कांहींतरी जोडून, घासून, ठोकून त्याच्याकडून नवें काम करून घेत होतीं. आमच्या चित्रपटाचा पाया कारखान्यांत घातला गेला नाहीं. तो वाड्यांतील अंधाऱ्या खोल्यांत, घरच्या माणसांच्या हातून घातला गेला.

आतां वारज्याच्या त्या तापलेल्या खोलींत परत येऊं. तेथें चाललें होतें तेंही जोडकामच होतें. त्याचें मूळ ज्या विद्येंत आहे तिला डिफ्यूजन, म्हणजे विसरण, असें नांव आहे. पाण्यांत शाईचा थेंब टाकला कीं तो पसरत पसरत नाहींसा होतो, हें विसरण आपण जाणतों. २०१५ मध्यें कांहीं संशोधकांनीं पदार्थविज्ञानांतील या कल्पनेवरून यंत्रास चित्रें शिकविण्याची रीत सुचविली. २०२० पर्यंत ती चांगली फळास आली. रीत अशी: एक स्वच्छ चित्र घ्यावयाचें आणि त्यावर थोडथोडे ठिपके उधळीत जावयाचें, इतके कीं अखेरीस दूरदर्शनच्या जुन्या संचावर मुंग्या याव्यात तसा नुसता गोंधळ उरावा. प्रत्येक पायरीस यंत्रानें एवढेंच ओळखावयाचें कीं यांतील मुंग्या कोणत्या. हा अभ्यास असंख्य चित्रांवर झाला म्हणजे यंत्र उलट दिशेनें चालूं शकतें: नुसत्या मुंग्यांपासून आरंभ करून, दिलेल्या शब्दांच्या अनुरोधानें, एकेक थर पुसत पुसत पूर्वीं कधींही नसलेलें चित्र तें बाहेर काढतें.

२०२२ च्या ऑगस्टांत ‘स्टेबल डिफ्यूजन’ नांवाचें असें यंत्र सर्वांस उतरवून घेतां येईल अशा रीतीनें प्रसिद्ध झालें, आणि महाविद्यालयीन मुलांच्या खोल्यांतून एकाएकीं चित्रशाळा निघाल्या. परंतु हें यंत्र स्थिर चित्रांचें होतें. त्यास सोळा वेळां “तारामती चालत आहे” असें सांगितलें तर तें सोळा निराळ्या तारामती काढी. एकीचें नाक सरळ, दुसरीचें बसकें, एकीच्या साडीचा कांठ रुंद, दुसरीचा अरुंद. भराभर दाखविल्या तर चित्र नुसतें लुकलुके. काडीची मागील जागा विसरलेल्या फाळक्यांसारखी त्याची स्थिति होती. प्रत्येक चित्र सुंदर, पण दोन चित्रांच्या मध्यें कांहींच नाहीं.

मग जोडकाम करणारे पुढें सरसावले. ‘डिफोरम’ नांवाच्या जोडींत आधींचें चित्र किंचित् मोठें करून किंवा फिरवून, त्यावर थोड्या मुंग्या सोडून, पुढील चित्राचा कच्चा खर्डा म्हणून वापरीत. त्यांतून स्वप्नासारखें वितळत जाणारें एक चमत्कारिक जग निघे, पण मनुष्य धड चालत नसे. २०२३ च्या प्रारंभीं आलेल्या ‘कंट्रोलनेट’नें यंत्रास शरीराच्या ठेवणीचा सांगाडा देण्याची सोय केली: हात येथें, गुडघा येथें, आतां याच्यावर मांस चढव. त्याच वर्षींच्या जुलैंत ‘ॲनिमेटडिफ’ प्रसिद्ध झालें. त्याच्या कर्त्यांनीं मूळ चित्रयंत्रास हात लाविला नाहीं. त्याच्या थरांच्या मधोमध त्यांनीं गतीचा एक स्वतंत्र थर बसविला. या थराचें काम एकच. सोळाही चित्रें एकदमच मुंग्यांतून वर येत असतां, प्रत्येक चित्रांतील प्रत्येक जागेनें बाकीच्या पंधरा चित्रांतील त्याच जागेकडे पाहावें आणि आपण तेथें कोण होतों, हें लक्षांत ठेवावें. व्हर्टहायमरनें जें प्रेक्षकाच्या मनांत दाखविलें आणि फाळक्यांनीं जें बोटांत सांभाळलें, तेंच दोन चित्रांमधलें नातें येथें आंकड्यांत बांधलें गेलें. पटवर्धनांच्या दिव्यास सरकती कांच, तशी या चित्रयंत्रास ही जोड.

असल्या जोडींचें आयुष्य फार नसतें. २०२४ पासून मुळांतच गतीसाठीं घडविलेलीं मोठीं यंत्रें एकामागून एक पुढें आलीं, आणि सोळा चित्रांचा थर पाहतां पाहतां जुना ठरला. सरस्वतीबाईंचें छिद्रें पाडण्याचें यंत्रही असेंच कालबाह्य झालें. तरीही एखाद्या कलेचा स्वभाव तिच्या जोडकामाच्या दिवसांतच सर्वांत स्पष्ट दिसतो, कारण तेव्हां सांधे झांकण्याइतकें कौशल्य कोणापाशीं नसतें.

एवढा विचार केल्यावर मी त्या तरुणास म्हटलें, “पुन्हां एकदां दाखव.” त्यानें दाखविलें. मी पुन्हां, पुन्हां पाहिलें. आणि मग मला त्या तीन पावलांत कांहींतरी खटकलें. तारामती फार छान चालत होती. पदर सांवरण्याची लकब, मान वळविण्याचा डौल, सारें निर्दोष होतें. एखादी सुस्वरूप स्त्री चालावी तशी ती चालत होती. आणि हीच चूक होती.

‘राजा हरिश्चंद्र’ मधील तारामती स्त्री नव्हती. चित्रपटांत काम करावयास स्त्रिया मिळेनात म्हणून फाळक्यांनीं एका उपाहारगृहांत नोकरी करणाऱ्या अण्णा साळुंके नांवाच्या तरुणास साडी नेसविली होती. याच साळुंक्यांनीं पुढें १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्यें राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावरच्या पहिल्या तारामतीच्या चालण्यांत एका पुरुषाचे खांदे होते, साडीची संवय नसलेलीं पावलें होतीं, आणि त्या पावलांच्या मागें एक संपूर्ण समाज उभा होता, जो आपल्या लेकीसुनांस कॅमेऱ्यासमोर उभें राहूं देण्यास तयार नव्हता. इतिहास त्या अवघडलेपणांत होता. यंत्रानें तो अवघडलेपणा दोष समजून काढून टाकला.

त्यानें दुसरें काय करावें? त्यास गति शिकविली ती इंटरनेटवरून गोळा केलेल्या सुमारें एक कोटि लहान चित्रफितींवरून; त्या बहुतेक विक्रीसाठीं तयार केलेल्या फितींचे नमुने होते, आणि पहिल्या आवृत्तींत तर विक्रेत्याच्या शिक्क्याची पुसट छाया नव्या चित्रांतही उमटत असे. आमच्या तारामतीचें चालणें हें कोणा अनामिक नटींच्या लाखों चालण्यांची सरासरी होती. अण्णा साळुंके त्या सरासरींत नव्हते. सरासरी नेहमीं सुबक असते, इतिहास क्वचितच.

मी हें सांगितल्यावर तो तरुण गप्प झाला. दोन दिवसांनीं त्यानें पुन्हां बोलाविलें. या वेळीं त्यानें फाळक्यांच्या उरलेल्या फितींतील साळुंक्यांच्या हालचालींवरून शरीराचा सांगाडा काढून तो ‘कंट्रोलनेट’ला दिला होता. आतांची तारामती खरोखरच खांदे ताठ धरून, जड पावलांनीं चालली. मला क्षणभर भरून आलें. पण लगेच ध्यानांत आलें कीं हीं पावलें दुसऱ्या प्रसंगांतलीं आहेत. या प्रसंगांत साळुंके कसे चालले, किंबहुना या उपवनांतून ते चालले कीं नाहीं, हें कोणासच सांगतां येणार नाहीं. अनुमान अधिक चांगलें झालें. तें साक्ष झालें नाहीं. सांपडलेला तुकडा आणि जुळविलेला तुकडा एकाच फितीवर, एकाच राखी रंगांत, सारख्याच ओरखड्यांसह आले म्हणजे पन्नास वर्षांनीं त्यांतील भेद कोण करणार? आपल्या घराण्यानें पटवर्धनांची असलेली ही विद्या भाटवडेकरांचा वेष धारण करून दारांत उभी राहते, धोका तो एवढाच. रंगविलेल्या रामापुढें हात जोडणाऱ्या म्हातारीस जें ज्ञान होतें तें येथें प्रेक्षकापासून काढून घेतलें जातें.

मग हें काम टाकूनच द्यावें काय? माझे कांहीं सहव्यवसायी असेंच म्हणतील. मला तें पटत नाहीं, आणि त्याचें कारण आमच्या पुण्यांतच आहे. वारज्याहून कर्वेनगरावरून नळ स्टॉपपर्यंत जावें आणि लॉ कॉलेज रस्त्यास वळावें. त्या परिसरांत प्रभातच्या जुन्या जागेंत १९६० पासून चित्रपटशिक्षणाची संस्था आहे. १९६४ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही येथेंच. पी. के. नायर यांनीं वणवण करून जमविलेले फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष या संग्रहालयानें सांभाळले. आणि २००३ च्या जानेवारींत जुन्या नायट्रेट फितींना लागलेल्या आगींत आपल्या कित्येक आद्य चित्रपटांची राख झाली तीही याच परिसरांत. या सर्वांच्या शेजारींच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे.

भांडारकर मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस हात घातला आणि १९६६ मध्यें ती पुरी केली. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें. प्रभात कंपनी पुण्यास आली तें हेंच वर्ष. सुखटणकरांपुढचा प्रश्न आमच्या प्रश्नासारखाच होता. हातीं हजारांवर पोथ्या, प्रत्येकींत पाठ निराळे, कोठें ओळ गळलेली, कोठें मागाहून घातलेली. मूळ ग्रंथ कोणीच पाहिलेला नाहीं. त्यांनीं संशयाच्या जागा मोकळ्या ठेविल्या नाहींत, कारण तसें केलें असतें तर ग्रंथ वाचतांच आला नसता. त्यांनीं अधिकांत अधिक संभाव्य असा पाठ निवडला, तो छापला, आणि जेथें निश्चिति नव्हती तेथें त्या अक्षरांखालीं एक नागमोडी रेषा ओढली. सामान्य वाचक त्या रेषेवरून पुढें जातो. अभ्यासक तेथें थांबतो. दोघांचीही फसवणूक होत नाहीं. पुण्यानें विद्येच्या क्षेत्रांत पुष्कळ गोष्टी केल्या, पण त्या बारीक नागमोडी रेषेइतकी प्रामाणिक गोष्ट फार थोडी असेल.

मी हें त्या तरुणास समजावून सांगितलें. महाभारताची ती आवृत्ति त्यानें पाहिली नव्हती. माझ्याकडील एक पान मी त्यास दाखविलें. तो बराच वेळ त्या रेषेकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “हें सोपं आहे, काका.” दुसऱ्या दिवशीं त्याच्या एका फुटाच्या तळाशीं, सोळाही चित्रांतून अखंड वाहणारी एक पांढरी नागमोडी रेषा आली होती. आरंभीं मराठींत एक पाटी होती: पुढील भाग कल्पित आहे.

गणेशोत्सवांत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आम्हीं तो खेळ दाखविला. प्रथम फाळक्यांच्या उरलेल्या चित्रांतील कांहीं भाग, मग पाटी, मग हा एक फूट. आणि तो इतका लहान कीं लोकांच्या आग्रहावरून सात-आठ वेळां दाखवावा लागला. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. पुढच्या रांगेंत बसलेल्या एक आजी मला म्हणाल्या, “चित्र छान आहे हो, पण खालची ती रेघ मध्यें मध्यें येते. ती काढतां नाहीं का येणार?”

त्या तरुणानें माझ्याकडे पाहिलें. रेषा काढणें त्यास एका क्षणाचें काम होतें, आणि तें त्याच्याप्रमाणेंच हें चित्र ज्याच्या ज्याच्या हातीं जाईल त्या प्रत्येकास एका क्षणाचेंच काम आहे. कोणतेंही यंत्र तिला जपणार नाहीं. सुखटणकरांची रेषा टिकली ती शाई पक्की होती म्हणून नव्हे. ती पुसावयाची नाहीं असें मागून आलेल्यांनीं मानलें म्हणून टिकली. आमच्यापुढें २,२२४ फूट अजून आहेत. आजींना मीं म्हटलें, “रेघ राहूं द्या, आजी. ती आम्हीं मुद्दाम काढली आहे.” त्यांनीं कां म्हणून विचारलें, आणि आरतीची वेळ होईपर्यंत मी त्यांना अण्णा साळुंक्यांची गोष्ट सांगत बसलों.